लुई पाश्चर आणि कोंबड्यांची मर

ज्या घरीं चार कोंबड्या पाळलेल्या असतात त्या घरांतील मुलांस कोंबड्यांची मर म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. सायंकाळीं धडधाकट स्थितींत खुराड्यांत कोंडलेलीं पांखरें सकाळीं पाहावीं तों पिसें फुलवून, डोळे मिटून, पंख पाडून बसलेलीं दिसतात. कोणी दाण्यापाण्याला तोंड लावीत नाहीं, कोणी उभ्या उभ्याच कलंडतें. आणि दोन-चार दिवसांत सगळें खुराडें ओस पडतें. ज्या माउलीच्या घरचा मीठमिरचीचा व मुलांच्या पाटीपुस्तकांचा खर्च अंड्यांच्या पैशांवर चालतो तिला हा आघात लहान नसतो. अशा या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या रोगांतूनच, रोगाला त्याच्याच हत्यारानें अडविण्याची विद्या मनुष्याच्या हातीं आली. ज्या पुरुषाच्या हातून हें कार्य घडलें त्या लुई पाश्चर यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, आणि त्या विद्येची शक्ति किती व मर्यादा कोठवर हेंही त्याबरोबर दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

लुई पाश्चर यांचा जन्म फ्रान्स देशाच्या पूर्व भागांत, ज्यूरा प्रांतांतील डोल या गांवीं, २७ डिसेंबर १८२२ रोजीं झाला. त्यांचे वडील नेपोलियनच्या सैन्यांत सार्जंट होते व रणांगणावरील शौर्याबद्दल त्यांस मानाचें पदक मिळालें होतें. सैन्यांतून परतल्यावर त्यांनीं कातडीं कमावण्याचा आपला पिढीजात धंदा पुनः सुरू केला. पुढें हें कुटुंब आर्ब्वा या लहान गांवीं येऊन राहिलें आणि लुईचें बाळपण तेथेंच, नदीकांठच्या चर्मशाळेच्या वासांत गेलें. हा मुलगा फार हुषार म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. चित्रें काढण्यांत मात्र त्याचा हात चांगला चाले. आईबापांचीं व शेजाऱ्यांचीं त्यानें रंगविलेलीं चित्रें अद्यापि जपून ठेविलेलीं आहेत. परंतु शाळेच्या मुख्याध्यापकांनीं या संथ दिसणाऱ्या मुलाच्या अंगचा चिकाटीचा गुण ओळखला आणि त्याला पुढें शिकवावें असें त्याच्या वडिलांच्या मनांत भरविलें.

१८३८ सालीं पंधरा वर्षांच्या लुईला पॅरिसला पाठविण्यांत आलें. तेथें त्याचें मन रमेना. घराच्या आठवणीनें तो इतका झुरूं लागला कीं, थोड्याच आठवड्यांत वडिलांस जाऊन त्याला परत आणावें लागलें. पुढें १८४२ सालीं दिजों येथें तो पदवीपरीक्षा उतरला, पण ज्या रसायनशास्त्रांत त्याचें नांव पुढें अजरामर व्हावयाचें होतें त्याच विषयांत परीक्षकांनीं त्याला सामान्य असा शेरा दिला. त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रसिद्ध अध्यापक-विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत त्याचा क्रमांक बराच खालीं लागला. प्रवेश मिळत होता. परंतु तेवढ्यावर संतुष्ट न होतां त्यानें तो नाकारला, एक वर्ष पुनः कसून अभ्यास केला आणि १८४३ सालीं चौथ्या क्रमांकानें त्या विद्यालयांत पाऊल टाकलें. परीक्षेंत मागें पडलेल्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पाश्चर यांचे पहिले शोध रोगांविषयीं नसून स्फटिकांविषयीं होते. १८४८ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, द्राक्षांच्या मद्यांत सांपडणाऱ्या एका आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एक एक करून निवडले, तेव्हां त्यांत डाव्या व उजव्या हाताप्रमाणें परस्परांचीं प्रतिबिंबें शोभतील असे दोन प्रकार असल्याचें त्यांस दिसून आलें. दुसऱ्या वर्षीं स्ट्रासबुर्ग येथें अध्यापक असतां तेथील विद्यापीठाच्या प्रमुखांची कन्या मारी लोरां हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ही साध्वी त्यांची खरीखुरी सहचारिणी ठरली. ते सांगत व ती लिहून घेई. या दांपत्यास पांच अपत्यें झालीं. त्यांपैकीं तीन कन्या १८५९ ते १८६६ या अवधींत लहानपणींच मरण पावल्या, आणि त्यांतील दोघींना विषमज्वरानें नेलें. रोग ही वस्तु पाश्चर यांस केवळ पुस्तकांतून ठाऊक नव्हती, ती त्यांच्या घरांत शिरून गेली होती.

१८५४ सालीं ते लील येथें गेले. तेथील एका कारखानदाराची बीटपासून होणारी दारू वारंवार नासत असे. त्या कामीं त्यानें पाश्चर यांचें साहाय्य मागितलें. नासलेल्या द्रवाचा थेंब तपासतां तपासतां पाश्चर यांच्या ध्यानीं आलें कीं, पदार्थ आंबणें हें निर्जीव रसायनांचें काम नसून सूक्ष्म सजीवांचें आहे, आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्याला निराळा सजीव कारण आहे. हे सजीव आपोआप उत्पन्न होतात, असें मोठमोठे विद्वान् त्या काळीं मानीत. पाश्चर यांनीं हंसाच्या मानेप्रमाणें लांब व वांकड्या नळीचे चंबू करून त्यांत मांसरस उकळून ठेविला. हवा आंत जाई, पण धूळ वांकणांत अडकून राही. तो रस महिनोगणती जसाच्या तसा राहिला. चंबू कलता करून रस त्या धुळीपर्यंत नेला कीं मात्र तो लवकरच नासे. पेय पदार्थ बेताच्या उष्णतेनें तापवून टिकविण्याची जी रीत आज दुधासाठीं सर्वत्र वापरतात ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

१८६५ सालीं दक्षिण फ्रान्समधील रेशमाच्या किड्यांवर पडलेल्या रोगाचा तपास त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. तोंपर्यंत रेशमाच्या किड्याविषयीं त्यांस कांहींच माहिती नव्हती. पांच वर्षें खपून त्यांनीं निरोगी अंडीं निवडण्याची पद्धति शोधून काढली व हजारों गरीब कुटुंबांचा धंदा वांचविला. याच काळांत, १८६८ च्या आक्टोबरांत, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व शरीराचा डावा भाग कायमचा दुबळा झाला. तेव्हां त्यांचें वय अवघें पंचेचाळीस होतें. पुढें जें मोठें कार्य त्यांनीं केलें तें सर्व या दुखण्यानंतरचें आहे, हें विसरतां कामा नये.

आतां आपण कोंबड्यांकडे वळूं. १८७९ च्या सुमारास फ्रान्समध्यें कोंबड्यांच्या पटकीनें कहर केला होता. या रोगाचा जंतु तुलूझ येथील पशुवैद्य तूसें यांनीं ओळखला होता व त्यांनीं रोगी पक्ष्याचा नमुना पाश्चर यांच्याकडे धाडला. यिस्टच्या पाण्यांत हा जंतु जगेना. पण कोंबडीच्याच मांसाच्या रसांत तो असा झपाट्यानें वाढे कीं, स्वच्छ रस दुसऱ्या दिवशीं गढूळ होई. त्या रसाचा एक थेंब पावाच्या तुकड्यावर टाकून कोंबडीला घातला तरी ती मरे. त्या थेंबापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असे अनेक वेळां रस पालटले, तरी शेवटचा रस पहिल्याइतकाच घातक राही. गिनीपिगला मात्र त्याच जंतूनें केवळ एक गळूं होई व तें प्राणी खुशाल हिंडत राही; परंतु त्या गळवांतील पू कोंबडीला टोचला कीं ती मरे. एका जातीला मुळींच न मारणारें विष दुसऱ्या जातीचा संहार करूं शकतें, आणि निरोगी दिसणारा प्राणीही रोग वाहून नेऊं शकतो, ही गोष्ट येथें स्पष्ट झाली.

पुढची हकीकत पुष्कळ पुस्तकांतून अशी सांगतात कीं, उन्हाळ्याच्या सुटींत जंतूंचा रस प्रयोगशाळेंत तसाच राहून गेला. परत आल्यावर तो टोचतां कोंबड्या किंचित् आजारी होऊन बऱ्या झाल्या. आणि त्यांनाच नंतर ताजा जहाल रस टोचला तरी त्या मेल्या नाहींत. ही कथा मनोरंजक खरी, परंतु पाश्चर यांच्या टिपणवह्या पुढें अभ्यासकांस पाहावयास मिळाल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं, हा शोध एका दिवसांत हातीं आला नाहीं. १८७९ च्या अखेरीपासून १८८० च्या आरंभापर्यंत त्यांनीं व त्यांचे तरुण सहकारी एमील रू यांनीं नाना प्रकारें रस ठेवून, वारंवार टोचून, एक एक कोंबडी मोजून तो सिद्ध केला. सुटींतील दैवापेक्षां वहींतील ही मेहनत आम्हांस अधिक आदरणीय वाटते.

९ फेब्रुवारी १८८० रोजीं पाश्चर यांनीं पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें आपला शोध निवेदन केला. जुन्या झालेल्या रसांतील जंतु मरत नाहींत, पण त्यांचा जहालपणा उतरतो; असे सौम्य झालेले जंतु टोचले तर पक्षी मरत नाहीं, उलट जहाल जंतूंशीं सामना देण्याची शक्ति त्याच्या अंगीं येते. विलायतेंतील डॉक्टर जेन्नर यांनीं १७९६ सालीं गाईच्या देवींची लस टोचून मनुष्यास देवीपासून वांचविलें होतें खरें, परंतु ती लस निसर्गानें आयती दिलेली होती. येथें प्रथमच मनुष्यानें रोगाचा जंतु आपल्या हातीं धरून त्याची नांगी बोथट केली. जेन्नर यांच्या सन्मानार्थ पाश्चर यांनीं १८८१ सालीं लंडनच्या वैद्यक-परिषदेंत असें सुचविलें कीं, गाईवरून पडलेलें लसीचें नांवच अशा सर्व उपायांस द्यावें. आणि तसेंच झालें.

मग ही लस कोंबड्या पाळणारांच्या उपयोगीं किती पडली? प्रयोगशाळेंत जें साधलें तें खुराड्यांत तितकेंसें साधलें नाहीं, हें येथें सांगणें अवश्य आहे. सौम्य केलेल्या जंतूंचा जोर सारखा राखणें कठीण. लस फार सौम्य झाली तर रक्षण होईना, आणि पुरेशी सौम्य झाली नाहीं तर तीच रोगास कारण होई. शिवाय या एका जंतूचे सोळा प्रकार आहेत, हें पुढें संशोधकांनीं दाखविलें. मारलेल्या जंतूंची लस बहुतेक त्याच प्रकारापासून रक्षण करिते ज्या प्रकाराची ती केलेली असते. म्हणून ज्या ठिकाणीं साथ असेल तेथीलच जंतु घेऊन लस करण्याची रीत पडली. कुलूप उत्तम असलें तरी चोर ज्या दारानें येतो त्याच दाराला तें लागलें पाहिजे. त्या जंतूच्या कुळाला आज पाश्चर यांचेंच नांव दिलेलें आहे.

कोंबड्यांवर मिळालेलें हें तत्त्व पाश्चर यांनीं गुरांमेंढरांच्या फाशी रोगास लाविलें. पुई-ल-फोर येथील शेतावर ५ मे १८८१ रोजीं चोवीस मेंढ्या, एक बकरी व सहा गुरें यांस लस टोचण्यांत आली. १७ मे रोजीं दुसरी लस दिली. आणि ३१ मे रोजीं या जनावरांस व लस न टोचलेल्या तितक्याच मेंढ्यांस जहाल जंतु टोचले. २ जून रोजीं शेतकरी, पशुवैद्य व वृत्तपत्रकार यांची गर्दी जमली. लस न टोचलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरावयास टेंकलेल्या होत्या. लस टोचलेलीं जनावरें चरत होतीं. हा विजय मोठा खरा. तथापि त्या वेळीं वापरलेली लस सहकारी शांबर्लां यांनीं रासायनिक द्रव्यानें सौम्य केलेली होती व ही गोष्ट पाश्चर यांनीं लोकांस उघड सांगितली नाहीं, असें टिपणवह्यांवरून ठरलें आहे. अशाच प्रकारची रासायनिक रीत तूसें यांनीं आधीं सुचविली होती. थोर पुरुषांच्या अंगींही कीर्तीचा लोभ शिरूं शकतो. चरित्रलेखकानें तें झांकून ठेवल्यानें थोरांचा मान वाढत नाहीं आणि वाचकांचें कल्याणही होत नाहीं.

यानंतर त्यांनीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाकडे लक्ष वळविलें. याचें कारण इतकें सूक्ष्म कीं, त्यांच्या यंत्रांतून तें दिसेना आणि मांसरसांत तें वाढेना. अशा अतिसूक्ष्म कारणांस आज आपण विषाणु म्हणतों. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें सशाच्या मज्जारज्जूंत वाढवून, ते रज्जु कोरड्या हवेंत टांगून, त्यांनीं तें सौम्य केलें. ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईनें त्यांच्याकडे आणलें. दोन दिवसांपूर्वीं पिसाळलेल्या कुत्र्यानें त्याला अनेक ठिकाणीं चावा घेतला होता. मनुष्यावर हा उपाय करावा कीं नाहीं या विचारानें पाश्चर व्याकुळ झाले. ते स्वतः वैद्य नव्हते. म्हणून दोन वैद्यांचा सल्ला घेऊन, त्यांपैकीं डॉक्टर ग्रांशे यांच्या हातून दहा दिवसांत तेरा वेळां लस टोचविली. मुलगा वांचला. त्याच वर्षीं झ्यूपील नांवाचा एक तरुण गुराखी आला. आपल्याहून लहान मुलांस वांचविण्यासाठीं तो एकटाच पिसाळलेल्या कुत्र्याशीं झुंजला होता. तोही बरा झाला. एक मुलगी मात्र चावा झाल्यावर सदतीस दिवसांनीं आणली गेली. आतां उशीर झाला हें पाश्चर जाणत होते; अपयशानें आपल्या कार्यास बट्टा लागेल हेंही त्यांस ठाऊक होतें; तरी आईबापांची विनवणी त्यांच्यानें मोडवेना. मुलगी वांचली नाहीं. कीर्तीचा लोभ व दया यांचा झगडा झाला तेव्हां या वेळीं दयेनें जय मिळविला.

अनेक देशांतून आलेल्या वर्गणीच्या पैशांतून पॅरिस येथें पाश्चर संस्था उभी राहिली व १४ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिचें उद्घाटन झालें. झ्यूपीलच्या झुंजीचा पुतळा तिच्या आवारांत आहे. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, पाश्चर यांनीं इहलोक सोडला. त्यांच्या जामातानें लिहिलेल्या चरित्रांत असें नमूद आहे कीं, अंतकाळीं त्यांचा एक हात पत्नीच्या हातांत होता व दुसऱ्यांत क्रूस होता.

या संस्थेचा आपल्या मुंबईशीं निकट संबंध आहे. तेथें काम केलेले हाफकिन हे १८९६ सालीं प्लेगची साथ सुरू झाल्यावर मुंबईस आले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं आपण तयार केलेली प्लेगची लस त्यांनीं प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनांत गेली; तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था हें नांव मिळालें.

आतां शेवटीं पुनः आपल्या खुराड्याकडे येऊं. आपल्या खेड्यांत जिला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग विषाणूंचा आहे. त्यावर पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत वा नाकपुडींत थेंब टाकून व सहा ते आठ आठवड्यांचीं झाल्यावर टोचून लस देतात. या विषाणूचे पोटभेद बदलत गेले, तरी त्यांचा मूळ सांचा एकच राहिल्यामुळें जुन्या वाणाची लस आजही पक्ष्याला मरणापासून वांचविते. परंतु वांचलेल्या पक्ष्याच्या अंगांत विषाणु मुळींच शिरत नाहीं असें नाहीं. तो कमी प्रमाणांत कां होईना बाहेर पडत राहतो व लस न दिलेल्या शेजारच्या कोंबडीस मारूं शकतो. कोंबड्यांच्या सांसर्गिक सर्दीखोकल्याच्या विषाणूचे तर अनेक प्रकार असून एकाची लस दुसऱ्यास पुष्कळदां पुरत नाहीं. पक्ष्यांच्या फ्ल्यूचा विषाणु तर वारंवार आपलें रूप पालटतो. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास त्याची साथ आली, तेव्हां तो पसरूं नये म्हणून लाखों कोंबड्या माराव्या लागल्या.

यावरून लस व्यर्थ आहे असें कोणी समजूं नये. लस वेळेवर द्यावी. ती थंड जागीं राखलेली असावी. चार कोंबड्यांस देऊन सहा तशाच सोडूं नयेत, कळपांतील सर्वांस द्यावी. अंड्यांतून आईकडून आलेलें बळ पिलांत असतां दिलेली लस कधीं कधीं फुकट जाते, म्हणून दुसरी मात्रा टाळूं नये. आणि लस दिली म्हणून खुराड्याची स्वच्छता सोडूं नये, मेलेली कोंबडी ओढ्यांत फेंकूं नये, आजारी पांखरूं बाजारांत विकूं नये. आपल्या घरचें नुकसान टाळण्यासाठीं रोगी कोंबडी दुसऱ्याच्या घरीं पाठविणें म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाचे पाटीपुस्तकांचे पैसे हिरावून घेणेंच होय.

विद्यार्थी मित्रहो, पाश्चर यांस देवानें असामान्य बुद्धि दिली होती असें आपण म्हणतों, पण ज्या परीक्षकांनीं त्यांस सामान्य ठरविलें त्यांस ती दिसली नव्हती. दिसली असती ती चिकाटी. परंतु परीक्षेंत चिकाटीला गुण नसतात. ईश्वरानें निर्मिलेल्या सृष्टींत कोंबडीसारखा प्राणीही निरीक्षणास तुच्छ नाहीं, आणि एका दुबळ्या हाताच्या मनुष्याकडूनही तो मोठीं कामें करून घेतो, हें या चरित्रावरून दिसून येतें. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं कोणी एखादा आपल्या गांवच्या खुराड्यापुढें वही घेऊन बसला, किती कोंबड्या आजारी पडल्या, किती वांचल्या, कोणास लस दिली होती व कोणास नव्हती हें त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें, आणि आपल्या विरुद्ध जाणारा आंकडाही त्यांत खोडला नाहीं, तर पाश्चर यांच्या कामांतील उत्तम भाग त्यानें उचलला असें आम्ही समजूं.